चोवीस तास पाण्याची नवी जोडणी आली; आता जुना नळ, मोटर आणि टाकी यांचं काय करावं?

तुम्ही विचारलंय की बेळगावच्या वडगावात घर आहे, जुन्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, सुरुवातीचं गढूळ असतं, आणि आता निळा पाइप नि मीटर बसलाय. माझं उत्तर: लाइनला थेट लावलेली मोटर लगेच काढा, टाकी सध्या राहू द्या, जुना नळ मात्र कायमचा तोडून घ्या. यातलं शेवटचंच लोक टाळतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी शुद्ध होऊनच शहरात येतं. ते बिघडतं गल्लीत. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो, आणि गंजलेल्या जोडणीला भोक असेल तर शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. कुणी लाइनला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. पाइपमध्ये सतत दाब असेल तर भोकातून पाणी बाहेर जातं, आत काही शिरत नाही. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही प्रभागांत २००८ पासून असं पाणी मिळतंय. हुबळी-धारवाडच्या तपासणीत चोवीस तासांच्या नळाला जंतू कितीतरी कमी आढळले. पण घरात साठवलेलं पाणी तिथेही पुन्हा दूषित होत होतं.

जुन्या नळाला घरात टोपण घालून भागत नाही. मुख्य पाइपवर फेरूल (घराची जोडणी जिथून निघते तो तुकडा) बसवलेलं असतं, तिथेच तो बंद करायला हवा. खड्डा बुजवण्याआधी स्वतः उभं राहून बघा. ‘दोन्ही लाइनी जोडून मध्ये व्हॉल्व्ह टाकतो’ असं प्लंबर म्हणाला तर साफ नाही म्हणा. व्हॉल्व्हचं वायसर झिजलं की जुन्या लाइनीची घाण नव्यात उतरते आणि ती तुमच्याबरोबर शेजाऱ्यांच्याही घरात जाते.

निळा पाइप काळ्या मातीतून जात असेल तर ताठ ओढू देऊ नका. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ताणलेला पाइप जोडापाशी निसटतो. थोडा नागमोडी टाकून खाली-वर चार बोटं वाळू घाला.

मोटर लागेल का, हे अर्ध्या इंची नळाला बसणाऱ्या दाबमापकावर कळतं. सकाळी सहा ते आठ या गर्दीच्या वेळी बघा. ०.७ बार म्हणजे साधारण ७ मीटर उंच पाणी चढवणारा दाब, तळमजल्याला पुरेसा, १.२ बार असेल तर दुमजली घरालाही चालतं. त्याहून वर चढवायचं असेल तर आधी खालची टाकी भरू द्या आणि मोटर त्या टाकीवर लावा.

प्यायचं पाणी टाकीआधीच्या थेट नळाचं घ्या. टाकी घासून घ्या. १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी भरलेल्या टाकीत ओता आणि चार तास ठेवा. मग घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा आणि टाकी रिकामी करा. हे पाणी पिऊ नये, झाडांनाही घालू नये.

बिलाची धास्ती असेल तर हिशोब असा: माणशी १३५ लिटर धरले तर पाच माणसांना दिवसाला ६७५, महिन्याला सुमारे २०,००० लिटर. आकडा याच्या फार वर गेला तर रात्री सगळे नळ बंद करून मीटर वाचा आणि सकाळी पुन्हा वाचा. सरकलेला दिसला तर पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या: तिच्यात थोडी शाई टाका, पंधरा मिनिटांनी भांड्यात रंग उतरला तर गळती तिथेच. तिथे नसेल तर मीटरपासून घरापर्यंतचा पाइप उकरून बघा. मीटरच्या आधीची गळती तुमच्या बिलात येत नाही, तरी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.