पीसीत नवा एसएमपीएस बसवल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो. मदरबोर्ड गेला का?

तुम्ही लिहिलंय की सिडकोतल्या घरी पावसात लाइट सारखी ये-जा करत होती, त्यात पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टना वीज देणारा डबा, गेला. नवा आणून तुम्हीच बसवला. आता बटण दाबलं की पंखा जरासा फिरतो आणि सगळं बंद. दुकानदार म्हणतोय, मदरबोर्ड बदला. एवढ्यात बदलू नका. बोर्ड गेलेला असू शकतो, पण नुसत्या या लक्षणावरून ते ठरत नाही.

पंखा हलतोय, म्हणजे एसएमपीएस चालू होतोय. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे असं त्याला जाणवलं की तो स्वतःहून बंद होतो. ती त्याची सुरक्षेची सोय आहे. म्हणून आता पुन्हा पुन्हा बटण दाबून बघणं थांबवा. मागचा स्विच बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि कॅबिनेटचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल.

पहिला संशय मला प्रोसेसरजवळच्या आठ पिनच्या कनेक्टरचा आहे. एसएमपीएसमधून आठ पिनच्या दोन प्रकारच्या वायरी येतात. एक प्रोसेसरची, ती सहसा ४+४ अशी सुटते. दुसरी ग्राफिक्स कार्डाची, ती ६+२ अशी सुटते. दिसायला सारख्याच, पण आतली मांडणी उलटी. प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये खटक्याच्या (कनेक्टर अडकवणाऱ्या क्लिपच्या) बाजूच्या चारही पिनांवर १२ व्होल्ट असतात, ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये खटक्याच्या बाजूला ग्राउंड. पिनांचा आकार वेगळा असल्यामुळे चुकीची वायर सहज बसत नाही. पण कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, दिसत नाही, आणि जोर लावला की बसते. मग १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात आणि तुम्ही सांगताय तेच होतं. वायरी रंगीत असतील तर मोजून बघा: प्रोसेसरच्या वायरीत चार पिवळ्या, चार काळ्या; ग्राफिक्सच्या वायरीत तीन पिवळ्या, पाच काळ्या. सगळ्या काळ्या असतील तर कनेक्टरवर बारीक अक्षरात सीपीयू (प्रोसेसरची) किंवा पीसीआय-ई (ग्राफिक्सची) छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून वाचा.

दुसरी गोष्ट मी कळकळीने सांगतो. नवा एसएमपीएस मॉड्युलर आहे का, म्हणजे वायरी त्याच्यापासून सुट्या होतात का? आणि जुन्या वायरी आधीच कॅबिनेटमध्ये नीट ओढलेल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्यात का? तसं असेल तर सगळ्या काढा, नव्याबरोबर आलेल्याच लावा. हार्ड डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची आपापली, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि डिस्क जळते. सातपूरच्या एका ऑफिसातला पीसी असाच माझ्याकडे आला होता. एसएमपीएस नवा, बोर्ड चांगला, पण दोन्ही डिस्क गेलेल्या, हिशेबाच्या फाइलींसकट. पार्ट पुन्हा मिळतो हो, डेटा मिळत नाही.

वायरी बरोबर निघाल्या तर एकेक गोष्ट काढत जा. ग्राफिक्स कार्ड, सगळ्या डिस्क, पुढच्या यूएसबीची वायर काढा, रॅमची एकच पट्टी ठेवा आणि चालू करा. तरीही पंखा थांबतोय? मग वीज बंद करून प्रोसेसरची आठ पिनची वायरसुद्धा काढा, फक्त मदरबोर्डची मुख्य, २४ पिनची ठेवा आणि पुन्हा बटण दाबा. डिस्प्ले येणार नाहीच, पंख्याकडे लक्ष ठेवा. आता तो फिरत राहिला, तर शॉर्ट बोर्डवर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात आहे, बहुतेक तिथला एखादा मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा पार्ट, गेलाय. हे चिप-लेव्हल काम, म्हणजे बोर्डावरचे छोटे पार्ट बदलायचं काम, करणाऱ्याकडे दुरुस्त होऊ शकतं आणि नव्या बोर्डापेक्षा सहसा स्वस्त पडतं.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर सगळ्या वायरी पीसीपासून सोडवा, भिंतीतली पिन काढलेली असताना २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि शेजारची काळी पिन स्टेपलरच्या पिनने नव्हे, जाड तारेच्या तुकड्याने जोडा, मग वीज द्या. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीला ११.४ ते १२.६ आणि लाल वायरीला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. इथे नापास झाला तर बिल घेऊन बदलून आणा. उघडू मात्र नका: आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, भिंतीतली पिन काढल्यानंतरही काही वेळ. शिवाय सील तुटलं की वॉरंटी जाते.

आठ पिन काढल्यावर पंखा फिरला की थांबला, आणि बोर्डाचं मॉडेल कोणतं, एवढं खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.