खातं मुलाच्या नावावर आहे, हे आधी बघा

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आहे. मुलगा टीवाय बीकॉमला, मागच्या वर्षी 61 टक्के. फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या सौद्यांच्या, क्लासला 75 हजार भरले, मुलाच्या नावाने एका ॲपवर खातं उघडून 1 लाख 20 हजार टाकले. 'सहा महिन्यांत कमवून दाखव, नाहीतर बागेत ये,' असं त्याला सांगितलंय. आता कोणतं सर्टिफिकेट केलं तर जम बसेल, असं ते विचारतात.

भाऊसाहेब, नमस्कार.

सर्टिफिकेटचं नंतर बोलू. तुमच्या चार पानांत मुलाला काय आवडतं हे एकदाही आलेलं नाही. तळाला मात्र वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे : 'मॅडम, मला बँकेत काम करायचंय.' घरात बोलता येत नाही म्हणून पोराला अनोळखी बाईला लिहावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. गोडी छाटणीनंतर घड हाती यायला चार-साडेचार महिने लागतात, हे तुम्ही बिनतक्रार मान्य करता. मग पोरालाच घाई का? आणि ज्या बागेने त्याला शिकवलं, ती बाग शिक्षा कधीपासून झाली?

त्याहून मोठी काळजी त्या ॲपची. ते रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमध्ये, म्हणजे परवानगी नसलेल्या फॉरेक्स ॲपच्या यादीत आहे. यादीत नसतं तरी परवानगी आहे असं होत नाही. परदेशी ॲपवर मार्जिन, म्हणजे सौद्याच्या रकमेचा छोटा हिस्सा, भरून चलनाचे सौदे करायला आपल्याकडे मुभा नाही, आणि फेमा या परकीय चलन कायद्याखालची कारवाई खातेदारावर होऊ शकते. खातेदार तुमचा मुलगा आहे. आजपासून त्यात एक रुपयाही टाकू नका, आहे ती रक्कम काढायचा अर्ज करा. 'काढायला आधी टॅक्स भरा' असं उत्तर आलं तर पैसे न भरता थेट 1930 वर सायबर तक्रार करा.

आता तुमच्या एका समजाबद्दल. 'लाखो मुलं मोबाईलवर ट्रेड करतात, म्हणून या बाजारात एवढी लिक्विडिटी आहे,' असं तुम्ही लिहिलंय. लिक्विडिटी म्हणजे तरलता, हवं तेव्हा घेणारा किंवा विकणारा मिळणं. रुपयाच्या बाजाराची तरलता तिथून येत नाही, ती तुमच्यासारख्यांकडून येते. तुमची द्राक्षं रॉटरडॅमला गेली की निर्यातदाराला युरो मिळतात. ते तो बँकेला विकतो, बरेचदा दोन महिने आधीच फॉरवर्ड करून, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून. त्याच वेळी तेल कंपनीला कच्च्या तेलासाठी डॉलर हवे असतात, परदेशी गुंतवणूकदार शेअर घ्यायला डॉलर आणतात किंवा विकून नेतात. या सगळ्यांना खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव बँका देतात, आणि फारच ओढाताण झाली की रिझर्व्ह बँक उतरते. लासलगावला कांद्याच्या गाड्यांची रांग लागली आणि लिलावाला व्यापारीच आले नाहीत, तर गर्दी असून बाजार नसतो. 2013च्या ऑगस्टमध्ये रुपयाचं उलटं झालं : डॉलर घेणारे धावत आले, विकणारे थांबून राहिले. डॉलर 68 रुपयांपलीकडे गेला आणि रिझर्व्ह बँकेला तीन सरकारी तेल कंपन्यांसाठी डॉलरची वेगळी खिडकी उघडावी लागली. कंपन्यांची रोजची मोठी मागणी बाजारातून बाजूला काढली, तेव्हा ताण हलका व्हायला मदत झाली. याउलट, मे 2024 पासून शेअर बाजारासारख्या एक्सचेंजवरच्या रुपयाच्या सौद्यांना आयात-निर्यातीसारखा खरा व्यवहार पाठीशी असण्याची अट काटेकोर झाली. हौशी ट्रेडर बाहेर पडले, तिथली उलाढाल कोसळली. बँकांमधला रुपयाचा बाजार मात्र चालूच राहिला.

म्हणजे या क्षेत्रातलं काम बँकेतच आहे, आणि मुलगा तेच मागतोय. परीक्षा ठाऊक आहेतच : सरकारी बँकांच्या भरतीची आयबीपीएस, पुढे रिझर्व्ह बँकेतल्या अधिकाऱ्यांची ग्रेड बी. चलन व्यवहाराचं सर्टिफिकेट नोकरी लागल्यावर करता येतं. 61 टक्क्यांनी काही अडत नाही. अर्थशास्त्रात मास्टर्स करावंसं वाटलं तर तेही करू द्या, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट फार लांब नाही.

सहा महिन्यांची मुदत मागे घेतली, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, आईकडून निरोप नको. आणि यंदा हिशेबाला निर्यातदाराकडे जाल तेव्हा त्याला सोबत न्या. युरोला कोणत्या दिवसाचा भाव लावला आणि फॉरवर्ड कधी केला होता, हे त्यालाच विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.