बाबा शांतिसेनेत गेले, आता राग कुणावर काढू?

प्रश्न : ताई नमस्कार, लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं. माझे बाबा १९८७ मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये जाफन्यात शहीद झाले. मी तेव्हा पाच वर्षांची, भाऊ आईच्या पोटात. आधी तार आली, मग बऱ्याच दिवसांनी त्यांची काळी ट्रंक आली, बाबा काही आले नाहीत, अंत्यसंस्कार तिकडेच केले म्हणाले. ट्रंकेत दाढीचं सामान, एक स्वेटर आणि एक अंतर्देशीय पत्र, त्यावर आईचं नाव नि गावाचा पत्ता लिहिलेला, आत सगळं कोरं. आमच्याकडे घरटी एक फौजी, सातारा म्हटल्यावर वेगळं सांगायला नको. पण होतं काय की २६ जुलैला शाळेत आईला सत्काराला बोलावतात आणि माईकवर 'कारगिलच्या वीरपत्नी' म्हणून नाव पुकारतात. आई शाल नारळ घेते नि गप घरी येते. एकदा मी त्या सरांना म्हटलं, अहो माझे वडील श्रीलंकेत गेले, तर म्हणे श्रीलंकेत कुठे युद्ध झालं आपलं? मी तिथून उठूनच आले. मग मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना आळीतली पोरं टीव्हीसमोर बसून 'आता थांबायचं नाही, आत घुसायचं' करून ओरडत होती, तेव्हा आई एवढंच म्हणाली, ह्यांच्यातलं कोण जाणार आहे का? मला विचारायचंय की आमचा हा राग चुकीचा आहे का? देशासाठी गेले असं सगळे म्हणतात, पण नक्की कशासाठी गेले हे आजवर एकानेही मला धड सांगितलेलं नाही. आणि आता माझा मुलगा अकरावीला आहे, त्याने मोबाइलवर वाचलं की आपल्या सैन्याने जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये माणसं मारली, मला विचारतो, आई, आजोबा होते का गं तिथे. काय सांगू त्याला?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा राग चुकीचा नाही. तुमच्या आईचा तर नाहीच नाही. उलट इतकी वर्षं त्या चुकीच्या नावाने शाल घेत राहिल्या याचंच मला वाईट वाटतंय, आणि त्या सरांचा मलाही राग आलाय.

कशासाठी गेले ते सांगते, कारण ते तुम्हाला कुणीतरी कधीच सांगायला हवं होतं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. श्रीलंकेतल्या तमिळ भागाला काही अधिकार मिळतील, लिट्टे, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी सशस्त्र संघटना, आणि बाकीच्या संघटना शस्त्रं खाली ठेवतील आणि हे सगळं नीट पार पडतंय ना ते बघायला भारताचं सैन्य जाईल. म्हणून नाव शांतिसेना. सुरुवातीला जाफन्यातल्या लोकांनी आपल्या जवानांना हार घातले, खरंच घातले. जवानांना वाटलं शस्त्रं गोळा करायची, पहारा द्यायचा आणि घरी जायचं. तुमच्या बाबांनाही तसंच वाटलं असेल. थोडी शस्त्रं जमा झाली, मग बंद झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेची काही माणसं पकडली, त्यांना कोलंबोला नेणार असं ठरलं तेव्हा त्यांनी सायनाइड खाल्लं, बारा जण मेले, आणि तिथून सगळं फिसकटलं. १० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली, लष्कराने तिला नाव दिलं ऑपरेशन पवन. म्हणजे करार होऊन अडीच महिने पण झाले नव्हते. आणि लढायचं कुणाशी, तर ज्या पोरांना काही वर्षांपूर्वी भारतातच ट्रेनिंग आणि हत्यारं मिळाली होती त्यांच्याशीच! हे वाचून तुमचा राग आणखी वाढेल, वाढू दे.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले, लिट्टेचे म्होरके तिथे सापडतील म्हणून. लिट्टेने वायरलेसवरचं बोलणं आधीच ऐकलेलं, ते दबा धरून बसले होते. शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरले त्यातले एकोणतीस मेले आणि एक पकडला गेला. पुढे गल्ल्यागल्ल्यांत, नारळा-ताडाच्या बागांत लढाई, रस्त्यात सुरुंग पेरलेले, समोरचा लुंगीतला मुलगा साधा गावकरी की बंदूकवाला हे कळायला मार्ग नाही. त्यात महार रेजिमेंट होती, मराठा लाइट इन्फंट्री होती. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले नि गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सरांना म्हणावं, युद्ध झालं नसतं तर हे परमवीर चक्र कुठून आलं?

मग १९८९ मध्ये तर असं झालं की श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी, भारतीय सैन्य जावं म्हणून, त्याच लिट्टेला गुपचूप हत्यारं पुरवली. ज्या सरकारशी करार करून आपण गेलो त्याच सरकारच्या हत्यारांनी आपली पोरं मारली गेली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला तिथून निघाली, मद्रासच्या बंदरात स्वागताचा कार्यक्रम ठेवला होता आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी तिथे गेलेच नाहीत. अकराशेच्या वर जवान तिकडे मारले गेले. कारगिलमध्ये ५२७. कुणाचं दुःख मोठं हे मोजायला नाही सांगत, पण कारगिलचा दिवस आहे, पिक्चर आहेत, धडा आहे. कारगिलपासून शवपेट्या गावात यायला लागल्या, अख्खं गाव रस्त्यावर उतरायला लागलं. तुमच्या आईच्या वाट्याला तार आली आणि ट्रंक. रडायला सुद्धा समोर काही नव्हतं, त्यात पोटात मूल.

राग कुणावर काढायचा विचारलंत. ज्यांनी धड नकाशेसुद्धा हातात न देता माणसं पाठवली त्यांच्यावर काढा. आधी हत्यारं वाटली आणि मग तीच गोळा करायला दुसऱ्यांची पोरं धाडली, त्यांच्यावर काढा. हा निर्णय चुकला असं म्हणालात तर बाबांचा अपमान होतो असं जे सांगतात त्यांचं बिलकुल ऐकू नका. बाबांनी हुकूम पाळला, तो ज्यांनी दिला त्यांना जाब विचारायचा तुमच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाला आहे?

आता मुलाचं. तो वाचतोय ते खोटं नाहीये. २१ ऑक्टोबर १९८७, जाफन्यात दिवाळीचा दिवस, भारतीय जवान जाफना हॉस्पिटलात शिरले आणि पेशंट, नर्स, डॉक्टर मिळून साठ-सत्तर माणसं मेली. आतून लिट्टेचा गोळीबार होत होता असं लष्कराचं म्हणणं. जे वाचले ते सांगतात की लिट्टेवाले तोवर निघून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी एक बालरोगतज्ञ हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत असं ओरडत बाहेर आले तरी त्यांना गोळी घातली. मुलाला हे सगळं सांगा, अकरावीचा मुलगा आहे, त्याला झेपेल. आजोबा तिथे होते का, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, तर तसंच सांगा. आणि खरं शोधायचं असेल तर दोघं मिळून शोधा. बाबांचा आर्मी नंबर आणि पलटण आईच्या पेन्शनच्या कागदांवर असेल. मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महारचं सागरला, मध्य प्रदेशात. कोणत्या तारखेला, कुठे, कशात गेले आणि अंत्यसंस्कार कुठे झाले, एवढं लेखी विचारा. साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज करायला मदत करेल. दिल्लीत २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथल्या भिंतींवर श्रीलंकेत गेलेल्यांचीही नावं आहेत, आईला घेऊन जा. कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने आपल्या जवानांचं स्मारक बांधलंय, तेही नावानिशी, आणि ते दिल्लीच्या आधीचं आहे बघा.

आणि शाळेला एक पत्र द्याच. 'ऑपरेशन पवन, श्रीलंका, १९८७' असं स्वच्छ लिहून. पुढच्या वेळी माईकवर तेच वाचलं गेलं पाहिजे, नाहीतर आईंनी जाऊ नये.

प्रश्न : मी टोरांटोला असते, मूळची डोंबिवलीची. ऑफिसमधली माझी जवळची मैत्रीण जाफन्याची तमिळ आहे. परवा जेवताना बोलता बोलता म्हणाली की तिची मावशी १९८७ ला भारतीय सैन्याच्या गोळीने गेली, घराच्या दारात. मला काय बोलावं सुचेना, मी एवढंच म्हणाले की राजीव गांधींना पण तुमच्याच लोकांनी मारलं ना. ती उठून गेली. तेव्हापासून नीट बोलत नाहीये. मी माफी मागावी का? मी तर तेव्हा जन्मले पण नव्हते.

— एक वाचक, टोरांटो

उत्तर : मागा. सैन्याच्या वतीने नको, त्या एका वाक्यासाठी मागा. तिने मावशीबद्दल सांगितलं आणि तुम्ही तिच्यापुढे हिशोब मांडलात. २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींबरोबर आणखीही माणसं गेली, पोलीस होते, कार्यकर्ते होते, त्यांच्या घरची माणसं आजही रडत असतील. पण ते तुमच्या मैत्रिणीने केलेलं नाही आणि तिच्या मावशीने तर नाहीच नाही. 'तुमचे लोक' म्हटलं की सगळे तमिळ म्हणजे लिट्टे असं होतं, आणि लिट्टेने स्वतः किती तमिळ मारले हे ती तुम्हाला सांगू शकेल.

जमलं तर रजनी तिरणगम यांच्याबद्दल वाचा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या, एकेकाळी लिट्टेच्या जवळच्या होत्या. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांकडे जाऊन, बसून, एकेक गोष्ट लिहून काढली, भारतीय सैन्याने काय केलं, लिट्टेने काय केलं, श्रीलंकेच्या सैन्याने काय केलं, कुणालाच सोडलं नाही. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या, लिट्टेनेच असं त्यांचे सहकारी सांगतात. पस्तीस वर्षांच्या होत्या, घरी दोन लहान मुली. मला ह्या बाईंबद्दल फार वाटतं.

मैत्रिणीकडे जा आणि मावशीचं नाव विचारा, कशी होती विचारा. ती रागावली तर रागावू दे, मध्ये 'पण' म्हणू नका. आणि तिची हरकत नसेल तर वरचं साताऱ्याचं पत्र तिला इंग्रजीत सांगा. तिने काही उत्तर दिलं तर मला कळवा, त्या ताईंना मी पोचवेन. शांतिसेनेत असलेल्या माजी सैनिकांनी, त्यांच्या घरच्यांनीही लिहा. नाव छापायचं नसेल तर तसं पाकिटावरच लिहा.