पहिल्यांदाच स्पर्धेत वस्तू ठेवताय? आधी बूड बघा

लेथवर लाकूड फिरवून कातणाऱ्यांच्या क्लबात येऊन वर्षही झालं नाही, वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलंय, तर नवशिक्यांच्या गटात वाडगा ठेवावा, झाकणाची डबी ठेवावी की यंदा नुसतं बघून घ्यावं, असं विचारलंय तुम्ही. ठेवाच, आणि वाडगाच ठेवा. डबीचं सगळं झाकणावर असतं. घरी अलगद बसणारं झाकण हॉलच्या दमट हवेत फुगून अडकतं आणि परीक्षकाला दोन हातांनी ओढावं लागतं.

नियमांचा कागद मात्र आधी वाचा, चांगली कामं तिथेच बाद होतात. व्यासाची मर्यादा किती, रंग चालतो का, वस्तू गेल्या प्रदर्शनानंतरचीच हवी का, हे बघून घ्या. 200 मिमी लिहिलं असेल तर 203 चालत नाही.

आता परीक्षकांकडे येऊ. वाडगा हातात आला की बहुतेक जण आधी तो उलटा करतात. बुडाला चकच्या (लेथवर लाकूड पकडणाऱ्या भागाच्या) जबड्यांचे वण किंवा मधोमध टेलस्टॉकच्या (समोरून टेकू देणाऱ्या भागाच्या) टोकाचा खड्डा दिसला, की आतलं पॉलिश कितीही चकचकीत असो, मार्क गेलेच. वाडगा उलटा बसवून टेनन (चकला पकडायला बुडाशी ठेवलेला उंचवटा) काढून टाका. त्याला हवा ओढून वस्तू धरणारा व्हॅक्यूम चक लागतोच असं नाही, भंगार लाकडाचा जॅम चक, म्हणजे वाडगा घट्ट दाबून बसेल असा साचा, पुरतो. बूड मधे किंचित खोलगट ठेवा म्हणजे टेबलावर डुगडुगणार नाही, आणि आतून पॉलिश पेपरच्या जितक्या ग्रिटपर्यंत (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) घासलंत तितकंच तिथेही घासा.

मग बोटं फिरतात. अंगठा आत, तर्जनी बाहेर, काठापासून खाली. नवशिक्यांच्या वाडग्यात भिंत तळाकडे वळते तिथे हमखास जादा लाकूड राहिलेलं असतं. काठ बघून हाताला जे वजन अपेक्षित असतं, त्यापेक्षा वाडगा जड लागतो. डोळे मिटून स्वतः करून बघा, लगेच सापडेल.

तिसरी परीक्षा उजेडाची, तिरपा धरून. फळीतून काढलेल्या वाडग्यात तंतू फाटायच्या दोन जागा ठरलेल्या असतात, एकमेकींच्या समोरासमोर, आणि तेल लागलं की त्या काळपट उठून दिसतात. तिथे पॉलिश पेपर दाबून घासत बसाल तर तेवढाच भाग झिजतो आणि गोलाई बिघडते. त्यापेक्षा गाउजला (खोलगट पात्याच्या कातण्याच्या हत्याराला) ताजी धार लावून एक पातळ हात फिरवा. पेपरही पायरीपायरीने: 120 च्या रेघा एकदम 320 ने जात नाहीत, मधले 180 आणि 240 गाळू नका. प्रत्येक ग्रिटनंतर लेथ बंद करून तंतूंच्या दिशेने हाताने घासलंत की गोल रेघा निघतात. कंटाळवाणं आहे, इलाज नाही.

तेलाचं फिनिश असेल तर काही आठवडे हातात ठेवा. आदल्या रात्री तेल लावलेला वाडगा चिकटतो आणि वासही मारतो. (पुढे कधी डबी ठेवलीत तर आत तेल नकोच, झाकण काढून नाक लावणारे परीक्षक आहेत.) आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

आकाराबद्दल थोडक्यात: काठापासून बुडापर्यंत वळण कुठे मोडू नये. बूड व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ठेवलं तर सहसा बरं दिसतं.

बक्षिसापेक्षा मला नंतरची चर्चा महत्त्वाची वाटते. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सच्या वार्षिक संमेलनात 'इन्स्टंट गॅलरी' असते. आलेला कोणीही त्यात काम मांडू शकतो आणि त्यातल्या काही कामांवर जाणकार सगळ्यांसमोर बोलतात. आपल्याकडेही निकालानंतर परीक्षक टेबलापाशी रेंगाळतात, तेव्हा वाडगा घेऊन जा आणि कुठे मार्क गेले ते थेट विचारा. स्वयंसेवकांच्या यादीत नाव देणार असाल तर स्पर्धेच्या टेबलाजवळची पाळी मागून घ्या, इतरांच्या कामांवरचं बोलणंही कानावर पडतं. लेथवरचं प्रात्यक्षिक यंदा जुन्यांना करू द्या. आणि वाडगा विकायचा नसेल तर तशी चिठ्ठी आधीच लावा, लोक भाव विचारतातच.