ऐन थंडीत वीज गेली तर

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. फेब्रुवारी 2021 मधील हिमवादळात टेक्सासमधील लाखो घरांची वीज गेली होती. आमचे हीटिंग गॅसवर चालते. तरीही वेगळी तयारी हवी का? यंदा सासूबाई भारतातून येणार आहेत.

उत्तर : हवीच, कारण भट्टी गॅसची असली तरी गरम हवा घरभर खेळवणारा तिचा पंखा विजेवर चालतो, आणि वीज जाताच तीही बंद पडते. अशा वेळी सारे घर उबदार ठेवण्याचा अट्टहास सोडून कमी खिडक्यांची एकच खोली निवडावी, दाराखालच्या फटीत जुने टॉवेल कोंबावेत आणि सर्वांनी तिथेच झोपावे. सासूबाईंची औषधेही तिथेच असावीत.

खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची आहे, कारण या वायूला ना रंग, ना वास. घरात कोळशाची शेगडी पेटवणे किंवा गॅरेजमध्ये, मग त्याचे दार सताड उघडे का असेना, गाडी वा जनरेटर चालू ठेवणे 2021 मध्ये टेक्सासात अनेकांच्या जिवावर बेतले. जनरेटर घरापासून किमान 20 फूट दूर ठेवावा आणि या वायूची सूचना देणारा, बॅटरीवरचा अलार्म आजच बसवावा.

पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवावेत. पाण्याची मुख्य चावी कुठे आहे, हे घरातील प्रत्येकाला माहीत हवे. दार न उघडल्यास फ्रिजमधील अन्न सुमारे 4 तास आणि भरलेल्या फ्रीझरमधील 48 तास टिकते. चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी मात्र विजेवाचून खाता येते.