घरातल्या माणसाचा खून झाला तर कुटुंबानं नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या थोरल्या भावाचा खून झाला, एकाला अटक झालीय, घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आणि विचारलंय, न्याय मिळावा म्हणून आपण काही करायचं असतं, की सगळं पोलिसांवर सोडायचं? तुम्ही रत्नागिरीकडचे, मी मालवण तालुक्यातली, सासर कुडाळचं. माझ्या भावाला, भाईला, जाऊन अकरा वर्षं झाली. काजूच्या बागेत जायच्या वाटेवरून भांडण, तेही भावकीतच. त्या दिवसाबद्दल याहून जास्त इथे लिहीत नाही.

करायचं असतं. पण घरातल्या सगळ्यांनी नाही, एकानं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं, कारण वहिनी उभी राहायच्या स्थितीत नव्हती, बाबा आधीच गेलेले, आणि मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारी, म्हणजे कागद सांभाळायची सवय. तेराव्यानंतर मी एक जाड फाइल आणली. ती माझ्या सासरी, माझ्या कपाटात राहिली, माहेरी कधीच नेली नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण आता वाटतं तेवढं एक तरी बरोबर झालं.

त्या फाइलीत पहिला कागद एफआयआरची नक्कल. ती फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, मागून घ्या. आमच्या वेळी खुनाला भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ होतं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यामुळे तुमच्या कागदावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ दिसेल. गोष्ट तीच. मृत्यूचे दाखले एकदम आठ-दहा काढून ठेवा. विमा, बँक, सातबारावर वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी नवा लागतो आणि दर वेळी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढताना लोक तेच विचारतात.

आता आमची चूक सांगते, कारण तुम्ही अजून तीन आठवड्यांवरच आहात.

फिर्याद काकानं त्याच रात्री दिली. त्यात एकाचंच नाव होतं, ज्याला त्यानं पळताना बघितलं होतं. सुतक फिटलं आणि काका रवळनाथाच्या देवळात कौल लावायला गेला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवाला तांदूळ लावले, "दुसरो कोण होतो काय" असं विचारलं, आणि देवानं उजवा दिला, म्हणजे होकार. मग त्या दुसऱ्याचं नाव घेऊन विचारलं, पुन्हा उजवा. सोळाव्या दिवशी काकानं पोलिसांत पुरवणी जबाब देऊन ते नाव घातलं. दुसऱ्यालाही अटक झाली. वाडीत सगळ्यांना वाटलं, देव पावला.

चार वर्षांनी ओरोसच्या जिल्हा कोर्टात काका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. आरोपीच्या वकिलानं शांतपणे विचारलं, पहिल्या रात्री हे नाव का नाही सांगितलंत? काका म्हणाला, तेव्हा सुचलं नाही. मग सोळाव्या दिवशी कसं सुचलं? काका खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणाला, "कौल लावलो." न्यायाधीश घाटावरचे होते, त्यांनी मान वर करून विचारलं, "कौल म्हणजे? घरावरची?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. काकानं त्यांना सगळं समजावून सांगितलं, तांदूळ, उजवा, डावा. टंकलेखक टाइप करत होता. मी तेव्हाच ओळखलं की दुसरा सुटला. आणि तो सुटला, संशयाचा फायदा मिळून. पहिल्याला जन्मठेप लागली. दुसरा खरंच तिथं होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. काकाला मात्र विचारा, तो अजून शपथेवर सांगेल.

तेव्हा कौल लावायचा तर लावा, आमच्याकडे कुणाला नाही म्हणून चालत नाही. पण जबाबात तेवढंच यायला हवं जे त्या माणसानं स्वतः पाहिलं, ऐकलं. आणि जे पाहिलं ते पहिल्याच जबाबात पूर्ण. आधीची धमकी, बांधावरची बाचाबाची, फोन, कोण कुठे उभं होतं, सगळं. राहून गेलं असेल तर उद्याच जाऊन पुरवणी जबाब द्या, महिनाभर थांबू नका. पोलीस साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत म्हणून घाबरू नका, कायद्यानंच ती घ्यायची नसते. सही असते ती फिर्यादीवर.

पुढचं थोडक्यात. खुनाच्या गुन्ह्यात अटकेत असलेल्यावर ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामीन मागायचा हक्क मिळतो, त्यामुळे ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला अधूनमधून नम्रपणे विचारत राहा. नव्या कायद्यात तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं बंधनही पोलिसांवर आहे. खटला सरकार चालवतं, सरकारी वकील फुकट असतो, पण कोर्टाच्या परवानगीनं त्याच्या मदतीला तुमचा स्वतःचा वकील देता येतो. एकटा तो खटला चालवू शकत नाही, शेवटी लेखी युक्तिवाद मात्र देऊ शकतो. आणि तुमच्यातर्फे वकील उभा असेल तर दोषारोपपत्राची प्रतही आता तुम्हाला मिळते. आम्हाला ती मिळवायला किती खेटे घालावे लागले ते सोडा. जामिनाच्या वेळी तुमचं ऐकून घ्यायला हवं, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय.

साक्षीदार फितूर होतात. आमचा एक झाला, सख्खा शेजारी. "मी काही बघितलं नाही", संपलं. त्याच्या मुलाला कुणीतरी बाजारात गाठलं होतं, हे नंतर कळलं. तुमच्या साक्षीदाराला धमकी आली तर त्याला एकटं सोडू नका; २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

पैशाचंही बोलते, कारण त्यावर आमच्या घरात सगळ्यात मोठं भांडण झालं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडितांच्या कुटुंबाला भरपाई मागता येते, आरोपी सापडला नसेल तरीही. मी वहिनीचा अर्ज भरला. आई म्हणाली, "ह्या पैशाक मी हात लावचंय नाय." वहिनी काहीच बोलली नाही. रात्री चुलीपाशी तिनं मला हळूच विचारलं, फी भरायची तारीख कधी आहे? पुतण्या तेव्हा सात वर्षांचा. अर्ज आम्ही केला. आईला दोन वर्षं सांगितलं नाही.

त्या मुलाला खरं सांगायला मात्र आम्ही उशीर केला. "बाबा मुंबईला गेलाय" असं कुणीतरी सांगितलं, आणि शाळेत दुसऱ्या पोरानं खरं सांगितलं. घरी येऊन त्यानं एकच विचारलं, गाडी कुठाय? भाईची मोटारसायकल मुद्देमालात जमा होती. निकालानंतर ती सोडवायला मी आणि तो गेलो. चार पावसाळे आवारात उभी. सीटवर शेवाळ, मागच्या चाकाच्या तारांमधून कुर्डूचं रोप वर आलेलं. त्यानं ते उपटलं नाही, तसंच राहू दे म्हणाला. टेम्पोत चढवताना ते आपोआप तुटलं. मुद्देमालातली वस्तू आधीही अर्ज करून ताब्यात मिळू शकते, हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

वाडीचं काय, हेही तुमच्या प्रश्नात आहे, तुम्ही लिहिलं नसलं तरी. आरोपी भावकीतले असतील तर मूळ घरातला गणपती एकच. पहिल्या वर्षी सुतक होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही गणपती वेगळा केला. आमच्याकडे हे केवढं मोठं आहे ते तुम्हाला सांगायला नको. आई महिनाभर जेवली नाही नीट. आता तिला तोच आपला वाटतो. एसटी स्टँडवर तुम्ही आलात की बोलणं थांबेल, त्याला इलाज नाही. व्हॉट्सअॅपच्या गावच्या ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका, आरोपीचा वकील तेही वाचतो.

वहिनीला झोप येत नसेल, अंगावर काटा येऊन दचकत असेल, तर "वेळ जाऊ दे" म्हणत बसू नका. डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आमच्या वहिनीला औषधानं फरक पडला. आईनं औषध घेतलं नाही, तिनं परसात तोंडलीचा मांडव घातला. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला ती विचारायची, "कोर्टात जावन तो परत येतलो काय?" आणि तरी डबा भरून द्यायची, दोघांचा, मला आणि काकाला.

आरोपीचं अपील अजून हायकोर्टात आहे. सुटलेल्याविरुद्ध अपील करायचा हक्क वहिनीला होता, मयताचे वारस करू शकतात. तिनं नको म्हटलं. मी एकदा विचारलं, पुन्हा नाही. तुमचं तिथवर गेलंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्यातच येतात, मुंबईच्या फेऱ्या वाचतील.

आज एवढंच करा. एफआयआरची नक्कल काढा आणि त्यात कुणाकुणाची नावं आहेत, कुणी काय पाहिलं म्हणून लिहिलंय, ते सावकाश वाचा. वहिनीला वाचायला लावू नका. काही राहिलं असेल तर सकाळी ठाण्यात जा, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, दोन नको.