आईचं वय ४७, सारखं अंग तापतं, घाम येतो, गुडघे-कंबर दुखते. हार्मोन्समुळं असेल का?

बऱ्याचदा हार्मोन्समुळंच असतं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, खालीवर होत राहतं, मग मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र थोड्याशा गरमीनं पण दचकतं आणि एकदम घाम, धडधड, रात्री झोपमोड, त्यात आपल्या सोलापूरचा मे महिना ४२-४३ डिग्रीचा, मग घरचे म्हणतात ऊनच लई आहे, तुलाच काय वेगळं होतंय. पण पहाटे पंख्याखाली झोपूनही घाम फुटत असेल तर ते ऊन नव्हे ओ.

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचा. खरी काळजी हाडांची, कारण इस्ट्रोजेन गेलं की पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. कडक भाकरी नि शेंगाचटणी कितीबी खाल्ली तरी त्यात कॅल्शियम फार नसतं, दूध-दही, नाचणी, तीळ पाहिजेत, आणि सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला न्या. थायरॉईडची टीएसएच टेस्ट एकदा कराच, लक्षणं पुष्कळ सारखी असतात. पाळी बंद झाल्यावर परत ब्लीडिंग झालं तर मात्र काढेबिढे नको, सरळ गायनॅककडं.